परातीतलं पाणी आणि रिंगणीची बी

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक अर्धी वैद्य समजतात आणि अर्धी माळीण. नोकरीत असताना मला याचा राग यायचा. आता निवृत्त झाल्यावर मोबाईलवर झाडांचे फोटो येतात तेव्हाही येतो. "मॅडम, हे कशावर चालतं?" झाडाचं नाव काय, कूळ काय, फूल कधी येतं, हे कुणी विचारत नाही. चालतं कशावर, एवढंच. प्रत्येक झाड कशावर तरी चालावं म्हणूनच उगवलेलं असतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

राहुरीजवळच्या एका कॉलेजात मी सगळी नोकरी काढली. आमची प्रयोगशाळा रस्त्याच्या कडेला होती, त्यामुळे विद्यार्थ्यांपेक्षा गिऱ्हाइकंच जास्त. एकजण गाजरगवत धुऊन, वाळवून, पिशवीत बांधून घेऊन आले होते आणि साखरेच्या आजारावर रोज किती घ्यायचं ते विचारत होते. याने अंगाला खाज सुटेल, बाकी काही होणार नाही, असं मी सांगितल्यावर मी विद्या लपवते आहे असं त्यांना वाटलं. शेवगावकडचे एक गृहस्थ पांढऱ्या फुलाची रिंगणी शोधत आले. रिंगणीचं फूल जांभळं असतं, पांढरं क्वचित सापडतं आणि ते सुनेला दिलं की घरात पाळणा हलतो असं मानतात. मी त्यांना मुलगा आणि सून दोघांनाही डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. "मुलाला कशाला?" असं म्हणून ते उठून गेले. वर्षभराने पेढे घेऊन आले. पांढरी रिंगणी मिळाली की डॉक्टर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तोंडात पेढा असल्यामुळे मीही विचारलं नाही.

तर ही रिंगणी. काही लोक काटेरिंगणी म्हणतात, काही भुईरिंगणी, पुस्तकात तिचं नाव सोलॅनम व्हर्जिनियानम. वांगं, बटाटा, टोमॅटो यांच्याच कुळातली, पण त्या तिघांसारखी कुणाच्या घरी रुळली नाही. बांधावर, पडीक रानात, मुळा नदीच्या कालव्याच्या भरावावर ती जमिनीला चिकटून गोल पसरते. खोडाला काटे, पानाच्या शिरांना वरून आणि खालून काटे, फुलाच्या बुडाला असलेल्या हिरव्या वाटीलासुद्धा काटे. शेळीदेखील तोंड घालताना विचार करते. फूल मात्र बघत राहावं असं. जांभळ्या चांदणीच्या मधोमध पाच पिवळे पुंकेसर एकमेकांना टेकून उभे असतात. त्यांच्या टोकाला बारीक भोक असतं. भुंगा त्यांना मिठी मारून जोरात गुणगुणतो, तेव्हा त्या कंपाने आतले पराग बाहेर उडतात. फळ गोटीएवढं, कच्चं असताना हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकलं की पिवळंधमक. आत चपट्या बिया ठासून भरलेल्या.

तिची मुळी म्हणजे आयुर्वेदातल्या दशमुळांतली एक. खोकल्यावर काढा करतात. लहान पोराला ढास लागली की जुन्या बायका फुलातले पिवळे केसर मधात चाटवायच्या. आमचे विद्यार्थी तिचा उपयोग हर्बेरियमसाठी करायचे. हर्बेरियम म्हणजे झाड वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, कागद बदलत बदलत वाळवायचं, मग जाड कागदावर चिकटवून खाली नाव, गाव, तारीख लिहायची. मुलांनी राना-वनात हिंडून झाडं आणावीत अशी अपेक्षा असते. आमची मुलं कॉलेजच्या कुंपणाजवळची रिंगणी उपटायची आणि खाली 'कळसूबाईचा पायथा' असं लिहायची. काटे कागदातून आरपार यायचे आणि तपासताना माझ्या बोटात शिरायचे. निदान या एका बाबतीत रिंगणीने माझ्या बाजूने साक्ष दिली, कारण कळसूबाईहून आणलेली म्हणून दाखवलेली फांदी ओलीच असायची.

ही सगळी प्रस्तावना झाली. मला सांगायचं आहे ते द्वारकामावशींबद्दल आणि ते सांगायला बसलं की माझा दर वेळी गोंधळ होतो.

शिंगणापूरच्या वाटेवर एक गाव आहे, तिथे आठवड्याचा बाजार भरतो. भाजी घ्यायला मी कधीमधी जायची. बाजाराच्या टोकाला, चिंचेखाली, एक साठीच्या बाई बसायच्या. त्यांच्यासमोर भाजी नव्हती. एक परात, एक बुडाला भोक पाडलेलं मडकं, शेगडी आणि नांगराच्या फाळाचा तुकडा. या द्वारकामावशी. दातातली कीड काढणाऱ्या म्हणून पाच-पंचवीस गावांत त्यांचं नाव होतं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक टेम्पोवाला गालाला रुमाल बांधून त्यांच्यापुढे बसला होता. मावशींनी परातीत पाणी ओतलं, मधोमध वीट ठेवली, शेगडीतला लालबुंद फाळ चिमट्याने उचलून विटेवर ठेवला. रिंगणीच्या चिमूटभर बिया तुपात चोळून त्यावर टाकल्या आणि वरून मडकं उपडं घातलं. मडक्याच्या भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोवला. टेम्पोवाल्याने देठ तोंडात धरून दुखऱ्या दाढेकडे धूर घेतला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि मडक्याच्या आत तडतड आवाज. थोड्या वेळाने मावशींनी मडकं उचललं. परातीतल्या पाण्यात पांढऱ्या, वळलेल्या, बारीक बारीक अळ्या तरंगत होत्या. टेम्पोवाल्याने त्या वाकून पाहिल्या, जिभेने दाढ चाचपली आणि म्हणाला, "सुटलो गड्या."

मी पण वाकून पाहिल्या. दातात असली कीड नसते, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. पण समोर पाण्यात ती दिसत होती आणि मावशींचे हात कोपरापर्यंत उघडे होते, म्हणजे हातचलाखीला वाव नव्हता. मी त्यांच्याकडे थोडं पाणी मागितलं. त्यांनी काही न विचारता माझ्या रिकाम्या डबीत ते ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मी एकटीच मोठ्याने हसले. अळीच्या एका टोकाला दोन चिमुकली पानं एकमेकांना चिकटून होती आणि दुसऱ्या टोकाला मुळाचं टोक. तो रिंगणीच्या बियांतला कोंब होता. प्रत्येक बीमध्ये उद्याचं झाड गुंडाळून ठेवलेलं असतं, पुस्तकात त्याला भ्रूण म्हणतात, आणि त्याची आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. बी तापलेल्या लोखंडावर पडली की तडकते आणि आतला कोंब उडून पाण्यात पडतो. मडकं उपडं असल्यामुळे तो बाहेर जात नाही. म्हणजे कीड दाताची नव्हतीच. मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये मी ते चहाबरोबर सगळ्यांना सांगितलं.

आमचे शिपाई बाबूराव त्याच गावचे. त्यांनी घरी जाऊन एवढंच सांगितलं की मॅडमनी द्वारकामावशींची कीड दुर्बिणीखाली घालून पाहिली. पुढच्या आठवड्यात मावशी कॉलेजात आल्या. भांडायला आल्या असतील असं वाटून मी सावरून बसले. पण त्या दाराशी चपला काढून आत आल्या, स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमी कीड बगितली म्हनं. मंग मला एक सांगा. एकाद्याच्या दातातनं ती निघतच न्हाई, ते कशानं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं होतं. त्यांचे मालक बैलगाडीने कारखान्याला ऊस वाहायचे. एका वर्षी थंडीच्या अखेरीस त्यांची दाढ ठणकायला लागली. मावशींकडची वाळवलेली बी संपली होती. नवीन फळं अजून पिकली नव्हती, म्हणून त्यांनी पट्टेरी हिरवी फळं तोडली, बिया पत्र्यावर वाळवल्या आणि मालकांना धूर दिला. मडकं उचललं तर परातीतलं पाणी स्वच्छ. पुन्हा दिला, पुन्हा स्वच्छ. गाल सुजत गेला, ताप चढला. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर विष अंगात पसरलं होतं. मालक गेले. जाण्याआधी ते बायकोला म्हणाले होते, "साऱ्या गावाची काढलीस. माझीच ऱ्हायली."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, असं मावशी म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या एकच गोष्ट धरून होत्या. कीड दातात होती, आपल्याला काढता आली नाही, म्हणून ती वर डोक्यात चढली. इतरांची काढताना दर वेळी परातीकडे बघायच्या आणि मनात म्हणायच्या, हीच तेव्हा का निघाली नाही.

मला उत्तर माहीत होतं आणि ते अगदी सोपं होतं. कच्च्या फळातल्या बीमध्ये कोंब तयार झालेला नसतो, म्हणून काही उडून पाण्यात पडलं नाही. पण नुसतं एवढं सांगितलं तर त्या म्हणणार, म्हणजे मीच कच्ची बी वापरली. आणि पुढचं सांगायचं तर ज्या हातकामावर त्यांनी आयुष्य काढलं, सासूकडून ज्या विद्येचा वसा घेतला, ती विद्याच नव्हती असं सांगायचं. मी त्यांना चहा पाजला. वेळ काढण्यासाठी दुसरं काही सुचलं नाही.

शेवटी मी बोलले नाही, दाखवलं. त्यांच्याच बटव्यातली बी पाण्यात भिजवली, सुईने दाबली, आतला कोंब बाहेर आला. तो काचेवर ठेवून त्यांना भिंगातून बघायला सांगितलं. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या. मग कुंपणाजवळचं हिरवं फळ आणून त्यातली बी कापली. आत नुसतं पाणचट.

"ह्यात कीड न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही. त्यात ती अजून तयार झालेली नाही. ती कीड नाहीच मावशी, तो कोंब आहे. तो बीमधूनच येतो."

"मंग मालकांच्या दातात?"

"नव्हती. कुणाच्याच दातात नव्हती."

आता त्या स्टुलावर बसल्या. पदर तोंडाला लावून रडल्या, पण ते रडणं मोकळं होतं. मालकांचं काही काढायचं राहिलं नव्हतं, हे त्या स्वतःशीच दोन-तीनदा बोलल्या. त्या दिवशी मला वाटलं, शिक्षण म्हणतात ते हेच. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, इतक्या लोकांचं दुखणं थांबलं, ते मग कशाने? मी म्हटलं, धुराने असेल, उबेने असेल, रिंगणीत काही गुण असेल. तीन वेळा 'असेल' म्हणाले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की मला माहीत नाही.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेले. मावशी चिंचेखाली होत्या. फाळ होता, मडकं होतं, तूप होतं, बी तीच होती. परातीत पाणी मात्र नव्हतं. नुसता धूर देत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, बरं वाटंल, पन दात डागदरला दावा. लोक मडक्याखाली वाकून बघायचे. कीड कुठाय? मावशी म्हणायच्या, कीड नसतीच.

मला हे फार आवडलं. पण थोड्याच दिवसांत बाबूराव सांगायला लागले की मावशींचा हातगुण गेला. लोकांचं दुखणं थांबेना. तो टेम्पोवालाही येऊन गेला, दुसऱ्या दाढेसाठी. धूर घेतला आणि तसाच कण्हत निघून गेला. मी स्वतः त्याला विचारलं तर म्हणाला, आता पयल्यासारखा राम न्हाई. मी चक्रावले. बी तीच, धूर तोच, हात तोच. फक्त पाणी नाही. पाण्यात पडलेल्या कोंबाने कुणाची दाढ कशी थांबेल? आणि थांबत नव्हती तर आधी कशी थांबत होती? आमच्या श्रीरामपूरच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मनाचं असतं सगळं. मी म्हटलं, दाढ मनात असते का? ते हसले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

मावशींकडे येणारे कमी झाले, मग थांबले. त्या लेकीच्या मळ्यातली भाजी घेऊन बसायला लागल्या. मी एकदा सुचवलं की ठेवा ना परात, लोकांना बरं वाटतं तर बिघडलं कुठे. हे मीच म्हटलं, जिने त्यांना भिंगातून दाखवलं तिनेच. त्या मेथीची जुडी बांधत म्हणाल्या, "ठावं नव्हतं तवर काढीत हुते. आता काढली तर ती फसवनूक व्हईल." मी जुडी घेऊन घरी आले. त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मग चुकलं कुठे, हे मला आजही सांगता येत नाही.

आता शेवटची गोष्ट. गेल्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, माझी खालची दाढ ठणकायला लागली. डॉक्टर गावाला गेलेले, गोळ्यांनी भागेना. कशातच लक्ष लागेना, रांगोळीचे ठिपके वाकडे पडायला लागले. दुपारी मी रिक्षा करून मावशींच्या घरी गेले. त्या आता बऱ्याच थकल्या आहेत. मला बघून त्या आधी घाबरल्या, मग माझा गाल बघून त्यांना कळलं.

मी म्हटलं, धूर द्या. त्या म्हणाल्या, "तुमाला?" मी मान हलवली, कारण तेवढं बोलूनच दाढेत कळ गेली होती. त्यांनी कोनाड्यातून मडकं काढलं, फाळ चुलीत घातला. बटव्यात बी होतीच. काम सोडलं तरी दर उन्हाळ्यात त्या पिवळी फळं गोळा करून बी वाळवून ठेवतात. का, ते मी विचारलं नाही.

त्या वीट मांडत होत्या तेव्हा मी बोलून गेले, "मावशी, परातीत पाणी घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून तांब्या आणला आणि पाणी ओतलं.

धूर कडवट होता. डोळे चुरचुरले, लाळ गळली, वर्गात ज्या बाईने भ्रूणाच्या आकृत्या काढल्या तिने पदराने नाक पुसत पपईचा देठ चोखला. तडतड ऐकू आली तेव्हा मी मनात म्हटलं, बी तडकली. मावशींनी मडकं उचललं. पाण्यात पांढरे कोंब तरंगत होते. मला त्यांची दोन पानंसुद्धा दिसत होती, किंवा दिसतात असं वाटत होतं. मी वाकून बघत राहिले आणि जीभ दाढेकडे गेली. दाढ दुखत नव्हती.

हे वाचून कुणी धूर घ्यायला जाऊ नये. ती दाढ भाऊबीज झाल्यावर मी डॉक्टरांकडून काढून घेतली, आत पू झाला होता आणि उशीर केल्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण त्या दुपारी ती थांबली होती, हे मी नाकारू शकत नाही. मला सगळं माहीत असूनही थांबली होती.

"थांबलं?" मावशींनी विचारलं.

"थांबलं," मी म्हटलं. म्हटल्यावर लगेच जीभ चावावीशी वाटली, कारण त्यांचा चेहरा बदलला होता. त्या परातीकडे बघत होत्या आणि त्या काय विचारणार ते मला त्यांच्या आधी कळलं.

"म्हंजी त्या टायमाला पिकली बी असती," त्या हळू म्हणाल्या, "तर मालकांचं दुखनं तरी थांबलं असतं. तसे कन्हत गेले नसते."

मी म्हणणार होते की थांबलं असतं तर दवाखान्यात न्यायला आणखी उशीर झाला असता. मग वाटलं, आणखी उशीर म्हणजे किती, गेले तर तसेही. मग वाटलं, कदाचित आधी कण्हले म्हणूनच नेलं तरी. मग वाटलं, माझी थांबली म्हणून त्यांची थांबली असती कशावरून? भिंगातून एवढं दाखवून मी या बाईच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलं होतं आणि आज माझ्या एका दाढेने ते दुसऱ्या बाजूने परत चढवलं. नोकरीत कुठल्या प्रश्नाला मी असं उत्तर दिलं नव्हतं, पण आज दिलं.

"मला माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही."

माझ्या तोंडून हे वाक्य येईल असं त्यांना वाटलं नसावं. मग त्यांनी परात उचलली, दारात जाऊन पाणी कुंपणाच्या बुडाशी ओतलं, आणि परत येऊन ती भिंतीला टेकवून ठेवली.

"तुमालाच ठावं न्हाई," त्या म्हणाल्या, "तर तवा मला कुठनं ठावं असनार हुतं?"

आणि ज्या चुलीत फाळ तापवला होता तिच्यावर त्यांनी चहाचं पातेलं ठेवलं.